किनारा सुटल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस

(चिमूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





शिडाच्या नौकेतून महासागर ओलांडणाऱ्या माणसांचे पहिले दिवस कसे जातात, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय जाहीर होताच काही चेहऱ्यांवर हसू उमटले. ते स्वाभाविकच आहे. आपण चिमूरचे लोक. आपल्या भोवती सागवान, बांबू, धानाची बांधी आणि ताडोबाचे जंगल. अरबी समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी सातशे किलोमीटरच्या आसपास, आणि बंगालचा उपसागरही काही जवळ नाही. आपल्यापैकी कित्येकांनी समुद्र फक्त सिनेमात पाहिला असेल. मग या गावात समुद्राची गोष्ट कशाला?

कारण एवढेच, की समुद्र दूर असला तरी किनारा सोडण्याचा प्रसंग आपल्या प्रत्येक घरात येतो. दहावी-बारावीचा निकाल लागतो आणि मुलगा किंवा मुलगी पेटी भरून नागपूरला, चंद्रपूरला, वर्ध्याला निघते. त्या पेटीबरोबर आईचा जीवही अर्धा निघतो. पुढे काय होते, ते आपण सारे जाणतो. काही मुले टिकतात, शिकतात, मोठी होतात. काही मात्र पंधरा दिवसांच्या आत शनिवारची एसटी धरून परत येतात आणि पुन्हा जात नाहीत. हुशारीत ती कमी नसतात. मग कमी पडते ते काय? या प्रश्नाचे उत्तर मला समुद्रावर गेलेल्या माणसांच्या हकिकतीत सापडले, म्हणून ती आपल्यापुढे ठेवतो.

समुद्राशी आपले नाते वाटते तितके दूरचे नाही. आपल्या उमा नदीचे पाणी वैनगंगेत, पुढे प्राणहितेत, पुढे गोदावरीत जाते आणि अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. जंगलातले पाणीदेखील समुद्राचा रस्ता शोधून काढते! आणि आपली भाषा पाहा. ‘जहाज’ आणि ‘खलाशी’ हे अरबी शब्द. ‘बंदर’, ‘दर्या’ आणि ‘किनारा’ हे फारसी. नौकेचे तोंड वळवणारे ‘सुकाणू’ हे अरबी ‘सुक्कान’वरून आले. कोकणातला कोळी आपल्या होडीच्या प्रमुखाला ‘नाखवा’ म्हणतो, तो फारसी ‘नाखुदा’. ज्या मान्सूनची वाट आपला शेतकरी जून महिन्यात डोळ्यांत प्राण आणून पाहतो, त्याचे नावही अरब खलाशांच्या ‘मौसिम’ या शब्दावरून पडले. कारण त्या वाऱ्यांच्या मोसमावरच त्यांची गलबते एडनहून, मस्कतहून आपल्या किनाऱ्याला येत आणि मोसम फिरला की परत जात.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारून पाहा. १९९५ पर्यंत हजला मुंबईहून बोटीने जाता येत असे. मोगल लाइनच्या ‘अकबरी’, ‘नूरजहाँ’ या बोटींची नावे जुन्या मंडळींच्या तोंडी अजून आहेत. विदर्भातला माणूस आधी रेल्वेने मुंबई गाठायचा, मुसाफिरखान्यात उतरायचा आणि मग बोटीवर चढायचा. समुद्र पहिल्यांदाच पाहणाऱ्या या माणसांना सुरुवातीचे दोन-तीन दिवस उलट्यांनी हैराण करीत. कुणी डोके वर काढीत नसे. मग हळूहळू एकेक जण उठून बसायचा, चहा प्यायचा, शेजाऱ्याची चौकशी करायचा. म्हणजे आज मी जे सांगणार आहे, त्याचा अनुभव आपल्याच आजोबा-पणजोबांनी घेतलेला आहे.

पण त्या वाफेच्या आणि तेलाच्या मोठ्या बोटी होत्या. मी बोलणार आहे ते फक्त वाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या नौकांविषयी.

या गोष्टीची सुरुवात मुंबईतच होते. १९६० नंतरच्या काळात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज दर्यावर्दी मुंबईला नोकरीनिमित्त होता. त्याने येथल्या कारागिरांकडून सागवानी लाकडाची ३२ फुटांची एक नौका बांधून घेतली. आपल्या सुतारांच्या हातात असतात तसलीच साधी हत्यारे घेऊन त्या कारागिरांनी ती घडवली. नौकेचे नाव ठेवले ‘सुहैली’. इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला हे नाव देत. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य तारा. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे, झाडांच्या शेंड्यांवर, एक तेजस्वी तारा दिसतो ना? तोच सुहैल. याच ‘सुहैली’तून नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून एकटा निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीला फेरी घालून २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. असे करणारा तो जगातला पहिला माणूस. आणि नौका कोणाच्या हातची? मुंबईच्या सुतारांची!

पण ती नौका चालवणारा भारतीय नव्हता. ही गोष्ट एका माणसाच्या मनाला लागून राहिली होती. ते म्हणजे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवलेले हे मराठी नौसेनापती निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी या खेड्यात राहत. भारतात बांधलेल्या नौकेतून भारतीय माणसाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे त्यांचे स्वप्न. २००६ मध्ये नौदलातले एक अधिकारी त्यासाठी पुढे आले. त्यांचे नाव दिलीप दोंदे. दोंदे हे नौदलातले पाणबुडे. म्हणजे त्यांचे काम पाण्याखालचे. महासागरात एकट्याने शीड हाकारण्याचा अनुभव त्यांनाही नव्हता. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची नौका तयार झाली. मांडवी नदीचे मूळ नाव तिला दिले, ‘म्हादेई’. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्ट २००९ रोजी, ऐन पावसाळ्यात, दोंदे एकटे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे आणि केप टाउन असे चार मुक्काम करून १९ मे २०१० रोजी त्यांनी प्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. मुंबईत त्यांच्या स्वागताला तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हजर होते. पुढे अभिलाष टोमी या अधिकाऱ्याने त्याच ‘म्हादेई’तून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात, कोठेही न थांबता, ही फेरी एकट्याने पुरी केली.

आता मुलींनो, तुम्ही नीट ऐका. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ ही ‘म्हादेई’सारखीच नौका निघाली. तिच्यावर नौदलातल्या सहा तरुणी होत्या आणि त्यांच्याबरोबर एकही पुरुष नव्हता. कप्तान वर्तिका जोशी उत्तराखंडच्या. पायल गुप्ता डेहराडूनच्या, म्हणजे त्याही उत्तराखंडच्याच. प्रतिभा जामवाल हिमाचलातल्या कुलूच्या. विजया देवी मणिपूरच्या. ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या. आणि पी. स्वाती विशाखापट्टणमच्या. ही यादी मी मुद्दाम वाचली. सहा जणींपैकी एकटी स्वाती बंदराच्या गावची. बाकीच्या पाच जणींच्या गावाला समुद्र नाही, जसा आपल्या चिमूरला नाही. या सहा जणी २१ मे २०१८ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परतल्या. २५४ दिवसांचा प्रवास, २१ हजार ६०० सागरी मैल! एक सागरी मैल म्हणजे १ हजार ८५२ मीटर, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

वर्तमानपत्रांत छापून येतो तो परतण्याचा दिवस. हार, फुले, बँड. मला बोलायचे आहे ते निघाल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांविषयी. कारण महासागर ओलांडणाऱ्याची खरी परीक्षा पुष्कळदा तेथेच होते.

पहिला दिवस. धक्क्यावरचे लोक हात हलवत असतात. ते दिसेनासे होतात, मग इमारती, मग डोंगर. आपल्याला वाटेल, किनारा जवळ आहे तोवर भीती नाही, खोल समुद्रात गेल्यावर भीती. दर्यावर्दी माणूस नेमके उलटे सांगतो. किनाऱ्याजवळ मासेमारीची जाळी पसरलेली असतात, दिवे नसलेल्या होड्या फिरत असतात, मालवाहू जहाजांची ये-जा असते, आणि वारा फिरला तर नौका खडकावर जाण्याचा धोका असतो. म्हणून पहिल्या दोन रात्री डोळ्याला डोळा लावता येत नाही. शे-दोनशे मैल आत गेले, की गर्दी संपते आणि जरा श्वास घेता येतो.

याच वेळी दुसरा शत्रू येतो, मळमळ. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय असते. नौका डुलते तेव्हा ते मेंदूला सांगते, ‘आपण हलतो आहोत.’ पण खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात, ‘समोरची भिंत तर स्थिर आहे.’ दोन साक्षीदार दोन तऱ्हेची साक्ष देऊ लागले, की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळून निघते. अन्न नको, पाणी नको, कोणी बोलायलाही नको. या अवस्थेत माणसाला मनापासून वाटते, की आपण या कामाचे नव्हेच, आपण परत जावे. हा दुबळेपणा नव्हे. इंग्लंडचा थोर नौसेनानी नेल्सन यालाही समुद्र लागत असे आणि तो त्याने कधी लपवला नाही. यावर उपाय साधे आहेत. आत पडून राहू नये, वर मोकळ्या हवेत यावे. दूर क्षितिजाकडे नजर लावावी, म्हणजे डोळे आणि कान एकच साक्ष देतात. पाणी घोट घोट प्यावे, कोरडे बिस्किट चघळावे. आणि जमेल ते काम हाती घ्यावे. सुकाणू धरून बसलेल्या माणसाला मळमळ कमी होते, हा जुना अनुभव आहे. बहुतेकांची मळमळ दोन ते चार दिवसांत उतरते. समुद्र तोच, लाटा त्याच. शरीर मात्र शिकलेले असते.

तिसरी गोष्ट झोपेची. ही समजायला आपल्याला मुळीच अडचण नाही. आपल्याकडे पीक उभे असले, की रानडुकरांपासून राखायला शेतात जागलीला जातात. दोघे असले तर एक झोपतो, एक जागतो. समुद्रावरही जागलच असते. सहा जणी असल्या तर पाळ्या लावता येतात. काही तास जागायचे, नौकेवर लक्ष ठेवायचे आणि मग दुसरीला उठवून आपण झोपायचे. पहिले चार-पाच दिवस ही तुटक झोप अंगी लागत नाही. डोके जड होते, चिडचिड होते, क्षुल्लक गोष्टीवरून डोळ्यांत पाणी येते. एकट्याने जाणाऱ्या दोंदे किंवा टोमी यांच्यासारख्याला तर पाळी द्यायला दुसरे कोणीच नाही. स्वयंचलित यंत्राच्या हाती सुकाणू देऊन थोडी डुलकी घ्यायची, उठून चारी दिशांना पाहायचे, पुन्हा डुलकी.

झोप न येण्याचे आणखी एक कारण म्हणजे आवाज. रात्रीच्या अंधारात दोर करकरतो, डोलकाठी कण्हते, भांडे आपटते, लाट बाहेरून धाडकन आदळते. नवख्याला वाटते, नौका आता फुटली. आठवड्याभरात कान तयार होतात. मग करकरण्याने जाग येत नाही. रोजचा आवाज बदलला तरच येते. जंगलातल्या वाटाड्याचे तरी दुसरे काय असते? पाहुण्याला रात्रभर झोप नाही आणि तो मात्र घोरत असतो. पण वानर ओरडले, की पहिला उठतो तोच.

चौथी गोष्ट घरकामाची. नौका एका बाजूला कललेली असते, तशाच स्थितीत स्वयंपाक, जेवण, झोप, सारे काही. चूल दोन खिळांवर टांगलेली असते, नौका कलली तरी ती सरळ राहते आणि भाताचे पातेले सांडत नाही. ताजी भाजी आधी संपवायची, कारण ती आधी सडते. कांदे-बटाटे मागे ठेवायचे, डाळ-तांदूळ त्याहून मागे. समुद्राच्या पाण्यातले मीठ काढणारे यंत्र असले, तरी गोडे पाणी जपूनच वापरायचे. यंत्र बंद पडले तर? म्हणून आंघोळ खाऱ्या पाण्याची, आणि पाऊस आला तर ती मेजवानी. वस्तू वापरली, की तिच्या जागी परत. जागेवर नसलेली सुरी कलत्या नौकेत कोणाच्या पायात शिरेल, सांगता येत नाही. बाहेर पाऊल टाकायचे तर अंगावरच्या पट्ट्याचा दोर नौकेला अडकवूनच. कितीही धाडसी माणूस असो, रात्री हा दोर सोडायचा नाही. वाऱ्यावर चाललेल्या नौकेतून पडलेला माणूस हाक मारेपर्यंत मागे राहतो.

आणि वेग किती? वारा चांगला असला तर तासाला पाच ते सात सागरी मैल, म्हणजे आपल्या सायकलीइतका! सायकलीच्या वेगाने ऑस्ट्रेलियाला जायचे. पहिल्या आठवड्यात नकाशावर रोजची खूण करताना जीव रडकुंडीला येतो. एवढे हाल सोसून आपण बोटभर सुद्धा सरकलो नाही, असे वाटते. विषुववृत्त जवळ येते तेव्हा तर कसोटीच लागते. तेथे वाऱ्याचा भरवसा नसतो. कधी वारा मरून पडतो, शिडे लोंबतात, उकाड्याने अंग भाजते. कधी एकाएकी काळा ढग येतो आणि झोडपून जातो. वादळाशी झुंजण्याची तयारी करून निघालेल्या माणसाला स्वस्थ बसण्याची परीक्षा द्यावी लागते! ‘तारिणी’ने विषुववृत्त ओलांडले ते २५ सप्टेंबर २०१७ रोजी. म्हणजे निघाल्यापासून पंधरा दिवसांनी.

त्या पंधराव्या दिवशी आकाशात काय घडते, ते सांगतो. चिमूरहून ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या वर सुमारे साडेवीस अंशांवर दिसतो. आपण जसजसे दक्षिणेला जाऊ, तसतसा तो खाली उतरतो. पूर्वीचे अरब नाविक लाकडाची छोटी फळी आणि गाठी मारलेली दोरी घेऊन ही उंची मोजत. दोरीची गाठ दातात धरायची, फळी डोळ्यांसमोर ताणायची आणि तारा किती बोटे वर आहे ते पाहायचे. या साधनाला ‘कमाल’ म्हणत. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिदसारख्या जाणत्या नाखुदाने या विद्येवर ग्रंथ लिहून ठेवले. विषुववृत्तावर हा ध्रुवतारा क्षितिजाला टेकतो आणि पलीकडे दिसेनासा होतो. जन्मापासून जी खूण पाहत आलो, ती गेली. पण दक्षिणेकडे पाहावे, तर सुहैल अधिक उंच चढलेला असतो. एक खूण मावळते आणि दुसरी वर येते.

आणि येथवर आलेला माणूस आता पहिल्या दिवसाचा राहिलेला नसतो. त्याला मळमळत नाही, तुकड्यातुकड्याने झोप येते, हात अंधारात दोर ओळखतात. विषुववृत्ताच्या पलीकडे आग्नेयेचा खात्रीचा वारा भेटतो आणि नौका धावू लागते. ‘तारिणी’ २३ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल बंदराला लागली. पुढे प्रशांत महासागरात त्यांना याहून कितीतरी मोठी वादळे भेटली. पण ती झेलणाऱ्या सहा जणी पहिल्या पंधरा दिवसांत तयार झालेल्या होत्या.

आता मी मुद्द्यावर येतो.

समुद्रावरच्या माणसाला एक फरक ओळखावा लागतो. मळमळ वेगळी आणि नौकेला पडलेले भोक वेगळे. मळमळीत माणसाला मरण आठवते, पण तिने कोणी बुडत नाही. ती वेळ देऊन उतरते. भोक मात्र वेळ दिल्याने वाढते. त्याला ताबडतोब हात घालावा लागतो, नाही जमले तर जवळचे बंदर गाठावे लागते. ‘तारिणी’च्या परतीच्या प्रवासात सुकाणूची यंत्रणा बिघडली. तेव्हा त्या सहा जणींनी हट्ट धरला नाही. ठरलेला नसताना मॉरिशसला पोर्ट लुईस बंदरात मुक्काम केला, दुरुस्ती केली आणि मग पुढे निघाल्या. तेथे थांबल्याने त्यांची प्रदक्षिणा अपुरी ठरली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, वसतिगृहातले पहिले पंधरा दिवस हे असेच असतात. जेवण गोड लागत नाही. खोलीतला सोबती रात्री दिवा लावून ठेवतो. वर्गात इंग्रजीत शिकवतात आणि अर्धे डोक्यावरून जाते. गावात पहिला नंबर होता, येथे कोणी ओळखत नाही. शहरातल्या मुलांच्या बोलण्याला आपण हसू लागलो नाही, पण ती आपल्या वऱ्हाडी-झाडी बोलीला हसतात. रात्री उशीत तोंड खुपसून रडू येते. ही सारी मळमळ आहे. तुम्ही नालायक असल्याचा तो पुरावा नाही, तुमचे शरीर आणि मन नव्या पाण्यावर तोल शिकत आहे एवढाच त्याचा अर्थ. उपायही तेच. खोलीत पडून राहू नका, बाहेर या. दूरच्या क्षितिजाकडे पाहा, म्हणजे आपण येथे कशासाठी आलो ते आठवा. थोडे का होईना, खा. हाती काम घ्या. वाचनालयात जा, पहिल्या बाकावर बसा, एक तरी प्रश्न विचारा. आणि पहिल्या पंधरा दिवसांत परत जाण्याचा निर्णय घेऊ नका. निर्णय सोळाव्या दिवशी घ्या. तो बहुधा वेगळा असेल.

पण तब्येत खरोखर बिघडली, कोणी छळ करू लागले, रॅगिंग झाले, एखाद्या मुलीला तिच्या मनाविरुद्ध कोणी त्रास दिला, तर ती मळमळ नव्हे. ते नौकेला पडलेले भोक आहे. ते लपवायचे नाही, सोसायचे नाही, पंधरा दिवस वाट पाहायची नाही. त्याच दिवशी घरी सांगा, शिक्षकांना सांगा. बंदर गाठण्यात कमीपणा नाही.

आणि पालकांनो, आपणाशी दोन शब्द. पहिल्या आठवड्यात फोन येतो, पलीकडे मुलगी रडते, आणि अब्बा दुसऱ्या दिवशी गाडी करून तिला घेऊन येतात. प्रेमापोटीच आणतात. पण मुलगा रडला तर आपण म्हणतो, ‘सवय होईल, राहा.’ आणि मुलगी रडली तर म्हणतो, ‘चल घरी.’ हा भेद का? दोघांची मळमळ एकच आणि ती उतरायला लागणारे दिवसही तेवढेच. आपण विचारायचे ते एवढेच, ‘बेटी, मळमळते आहे, की नौकेला भोक आहे?’ भोक असेल तर त्याच रात्री निघा. मळमळ असेल तर रोज फोन करा, धीर द्या, पण परत आणू नका. जो बाप असे विचारतो, त्याची मुलगी खरी अडचणही लपवत नाही, कारण तिला ठाऊक असते, की आपले ऐकणारे कोणीतरी आहे.

आणखी एक. दोंदे एकदम पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले नाहीत. त्यांनी इंग्लंडला जाऊन ‘सुहैली’वाल्या नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे काही काळ उमेदवारी केली. ‘म्हादेई’ हाती आल्यावर आधी मॉरिशसपर्यंत जाऊन आले. आणि पुढे ‘तारिणी’च्या मुलींना शिकवायला तेच उभे राहिले. त्या मुलींनीही २०१६ मध्ये ‘म्हादेई’तून मॉरिशसची वारी केली, आणि मोठ्या प्रवासाआधी सुमारे २० हजार सागरी मैलांचा सराव त्यांच्या गाठी होता. तेव्हा मुलाला एकदम अठराव्या वर्षी घराबाहेर ढकलण्याआधी लहान लहान प्रवास करू द्या. आठवीत असताना चार दिवसांच्या शिबिराला पाठवा. सुटीत नागपूरला नातेवाइकाकडे एकट्याने जाऊ द्या. आपले कपडे आपण धुणे, आपला डबा आपण भरणे, पैशांचा हिशोब लिहिणे शिकवा, मुलग्यालाही आणि मुलीलाही. आणि जी मुले आधी बाहेर शिकून आली आहेत, त्यांनी दोंदे यांच्यासारखे मागच्यांना हात द्यावा. नागपूरला नवा मुलगा आला, की पहिल्या पंधरा दिवसांत रोज संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाऊन बसणे, एवढे काम चिमूरच्या प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याने अंगावर घेतले, तरी परत येणाऱ्या एसटीत आपली मुले कमी दिसतील.

या वाटेवरून पुढेही लोक गेले आहेत. २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच ‘तारिणी’तून लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा या दोघीच गोव्याहून निघाल्या. फ्रीमँटलला त्या ३९ दिवसांत पोहोचल्या आणि २९ मे २०२५ रोजी प्रदक्षिणा पुरी करून परतल्या. आधी एक, मग सहा, मग दोघीच. वाट एकदा पडली, की ती पुढच्यांची होते.

आपल्या चिमूरने १६ ऑगस्ट १९४२ रोजी साऱ्या देशाला दाखवून दिले, की जंगलातल्या लहान गावाचे काळीज लहान नसते. त्या गावच्या लेकरांना नागपूरचे चार महिने जड जावेत, असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना फक्त पहिले पंधरा दिवस पार करायला आपली साथ हवी आहे. ती आपण सर्वांनी द्यावी, एवढीच विनंती करतो.

खुदा हाफिज. जय हिंद!